पाच घरचं दुपटं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली न्हाई. माझ्या लेकाला, सख्याला न्हाई, सुनेला न्हाई. देवापुढंबी नाव काढलं न्हाई — त्याला काय सांगायचं, त्यानं तर बघितलेलंच आहे. मंग तुम्हालाच का सांगून राह्यले? मला तरी कुठं ठाऊक. तुम्ही बसलात, म्हणून मीबी बसले. मधीच उठून गेलात तरी मला राग न्हाई.

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. हाली रुपया चालायचा. आम्ही टेंभुर्णीच्या धनगरवाड्यात राहायचो. माझे मालक पोटाच्या दुखण्यानं गेले. त्यांच्या दवापाण्याला आन् मंग तेरवीला भायानं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरानं, आपल्या कळपातल्या मेंढ्या विकल्या. वाईट माणूस नव्हता तो, उगंच कशाला म्हणू. पर तेरवीचं जेवण उरकलं आन् त्यानं माझ्या सख्याच्या खांद्यावर हात ठेवला. मेंढ्यांचे पैसे फेड आन् पोरगं घेऊन जा, म्हणला, तवर माझ्यामागं मेंढ्या वळंल. सख्या तवा माझ्या कमरेएवढा. भावकीसमोर बराबर ठरलं. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले. न्हाई म्हणायला तोंड होतं का मला?

दिवाळी झाली की भायाचा कळप वऱ्हाडात उतरायचा, तो पाऊस तोंडावर आला की माघारी. म्हणजे दिवाळीच्या आत पैसे दिले तर लेकरू घरी. न्हाई तर गेलं मुलखाच्या पार, थंडीत उघड्यावर, कुत्र्यांसंगं झोपायला. माझ्या जिवाला एकच घोर — कळप हलायच्या आत सख्या घरी आणायचा.

मंग बाप्पा, काय न्हाई केलं? वाण्याचं दळण आणलं, पाटलाचं आणलं, जात्याचा खुंटा धरून तळहाताला घट्टे पडले. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला. लिंबोळ्या गोळा करून तेल्याला घातल्या. गोवऱ्या थापून डोक्यावर जाफराबादच्या बाजाराला नेल्या — निम्म्या वाटंतच मोडायच्या, आन् मोडक्या गोवरीला कोण पैसे देतं? गोधडी मी चांगली शिवायचे. गाव नाव काढायचं माझ्या टाक्याचं. पर गोधडीला लोक ज्वारी देतात, पैसे न्हाई. ज्वारी पोटात जाते, मेंढी काय फिटत न्हाई. आंधळी दळते आन् कुत्रं पीठ खातं, तसं चाललं होतं माझं. घरात मी एकलीच. चिमी — माझी धाकटी — त्याच उन्हाळ्यात देवी येऊन गेल्ती. तिचं पुढं सांगते. सांगावं लागंलच.

पाटलाची धाकटी सून सुंदरबाई. माझ्याच वयाची. दोन लेकरं झाली, दोन्ही गेली, तिसऱ्या वेळंला दिवस भरत आल्ते. आमच्याकडं एक रीत आहे. जिची लेकरं जगत न्हाईत तिनं लेकुरवाळ्यांच्या दारी पदर पसरायचा. ज्या घरात एकबी लेकरू गेलेलं न्हाई, अशी पाच घरं. त्यांच्या जित्या लेकरांच्या अंगातलं जुनेर मागायचं, त्याचं दुपटं शिवायचं आन् तान्ह्याला जन्मल्याबरोबर त्यातच घ्यायचं. मागून आणलेलं लेकरू टिकतं म्हणतात. नावबी मंग भिका ठेवायचं. खरं तर मागायचं आईनंच. पर पाटलाची सून कुठं दारोदार चिंध्या मागत फिरणार? घराण्याचं नाक होतं ना! म्हणून सासूनं मला बोलावलं. मी मागायचं, मीच शिवायचं. पैसे बोलली ते ऐकून मला खरंच वाटंना. भायाचं देणं फिटून चार आणे उरत होते.

"धुवू नको बिलकुल," सासूनं बजावलं. "लेकराच्या अंगाचा वास राहू दे त्याला."

मी निघाले तवा सुंदरबाई मागच्या दारी आली. सासूला चोरून. म्हणली, "बाई, पाच घरचे ते पाच, आन् एक तुकडा तुझ्या सख्याचा घाल. देवीतून उठलेलं पोर हाय ते. घालशील ना गं?" सख्याला लहानपणी देवी निघाल्या होत्या, तोंडभर वण होते, पर वाचला होता. मी म्हणलं, घालते की. त्यात काय.

आता ऐका. मला वाटलं चिंध्यांचं काय, कुणीबी देईल. कुणी दिली न्हाई हो! सुंदरबाईची दोन लेकरं गेलेली पंचक्रोशीला ठाऊक. कोणती आई आपल्या जित्या पोराच्या अंगातलं तिच्या घरी धाडंल? तुकड्यामागं आयुष्य गेलं तर? दार लावून घेतलं बायांनी. एकीनं तर माझ्या पाठीमागं उंबऱ्यावर मीठ ओवाळलं. आत्याच्या ओळखीनं धावड्याला गेले. तिथं एका बाईनं दिली बाही फाडून. मी आत्याच्या घरी पाणी पिऊन निघाले, तर पांदीत ती मागून धावत आली, धापा टाकत, आन् माझ्या हातातून बाही हिसकून घेऊन गेली. इतका संताप झाला माझा! अगं भवाने, एक चिंधी ती! दुसऱ्याचं लेकरू जगंल ना तेवढ्यात! वाटभर शिव्या घातल्या तिला. शिव्या घालायला मी लई शहाणी.

घरी आले तर भायाचा निरोप येऊन पडलेला. भाऊबीज झाली की कळप हलणार. आन् माझ्या हाती एक दोरा न्हाई.

माझ्या उतरंडीत, खालून दुसऱ्या मडक्यात, एक बोचकं होतं. चिमीचं. पिवळं झबलं, खणाचा परकर, कुंची, पांघरायचं फडकं. चिमी गेली तवा देवी टोचणारा आल्ता गावात. त्यानं मला समोर उभं करून सांगितलं होतं, हिचे कपडे जाळून टाक बाई, कुणाच्या अंगाला लागू देऊ नको. मी म्हणलं, जाळते साहेब. न्हाई जाळले. तिच्या अंगाचा वास होता त्याला. जाळू कशी? कधी कधी मडकं उतरवायचे, नाकाला लावायचे, परत ठेवायचे.

कळलं ना तुम्हाला, मी काय केलं ते?

केलं. झबलं कापलं, परकर कापला, कुंची उसवली. रंग येगळे येगळे, पाच घरचे दिसावेत असे तुकडे मांडले. धुतलं न्हाई — सासूनं धुवू नको म्हणलंच होतं, मला बहाणाच मिळाला. दिवसभर उंबऱ्यात बसून शिवून राह्यले. टाका घालायचा, वास घ्यायचा. रडू येत होतं आन् हातबी थांबत नव्हता. टोचणाऱ्याचं बोलणं ध्यानात नव्हतं असं म्हणू का? ध्यानात होतं. हरघडी ध्यानात होतं. मी आपली म्हणायचे, एवढे महिने झाले, काय होतंय. देवीला यायचं तर ती कशातूनबी येईल, न यायचं तर न्हाई.

पर हेबी सगळं न्हाई. आजून आहे. पोटात जे घट्ट बसलंय ते हे न्हाईच.

पाच तुकडे झाले आन् सहावा राहिला. सख्याचा सदरा घरातच होता, भायाकडं जाताना लहान झाला म्हणून ठेवून गेल्ता. खुंटीवरून काढला. मांडीवर घेतला. कात्री लावली बाहीला. त्याचा तुकडा खरा होता बघा — जित्या पोराचा, देवीतून उठलेल्या पोराचा. सबंध दुपट्यात तेवढाच एक खरा झाला असता. आन् माझे हात आखडले. तिची दोन गेली, मला एकच उरलाय. त्याचं आयुष्य तिकडं गेलं तर? मी सदऱ्याची घडी घातली, खुंटीला लावला. आन् चिमीच्याच पांघरुणाचा एक कोपरा कापून सहावा तुकडा म्हणून लावला.

म्हणजे मी आन् ती धावड्याची बाई एकच. न्हाई — ती बरी. तिनं उघड्या वाटंवर, तोंडादेखत माघारी नेलं. खोटं तर दिलं न्हाई.

दुपटं नेऊन दिलं. सुंदरबाईनं दोन्ही हातांनी नाकाला लावलं, डोळे मिटले. सख्याचा कोणता, विचारलं. मी कोपरा दाखवला. तिनं त्याच्यावरनं बोट फिरवलं. पैसे घेतले, तशीच भायाच्या वाड्याला गेले, त्याच्या हातावर ठेवले आन् सख्याला घेऊन आले. पर तो घरात झोपंना, अंगणात जाऊन झोपायचा. जेवताना कुत्र्याची याद काढायचा. माझ्यापाशी बसायला त्याला बळजबरी करावी लागायची. पुढच्या दिवाळीला तर तो आपल्या पायानं भायाकडं गेला, मला न सांगता. मेंढ्यांशिवाय करमत न्हाई म्हणला. ज्याच्यासाठी एवढं केलं — पर ते पुढचं. तवा तो घरी होता.

सुंदरबाईला मुलगा झाला. भिका नाव ठेवलं. गोरंपान लेकरू, मी बघून आल्ते. त्याच दुपट्यात होतं. महिना उलटला आन् ताप भरला, अंगावर फोड आले. गावात तवा दुसऱ्या कुणाला देवी नव्हत्या. एका घराला न्हाई. पाटलानं लिंबाचे टहाळे बांधले, देवीला नैवेद्य दाखवला, सगळं सगळं केलं. लेकरू गेलं. लोक म्हणले, सुंदरबाईच्या नशिबातच न्हाई. मीबी मान हलवली. चार बायांत बसून मान हलवली मी. पुढं तिला परत काही झालं न्हाई.

सुतक फिटल्यावर तिनं मला बोलावणं धाडलं. वाटलं, कळलं हिला. गेले. ती मागच्या दारीच बसली होती, वाळून काटकी झाल्ती. समोर दुपटं उसवून ठेवलं होतं, तुकडा न् तुकडा येगळा. सगळं स्वच्छ धुतलेलं, घडी घातलेलं. आन् हरेक तुकड्यात गुळाचा खडा बांधलेला.

म्हणली, "ज्याचं त्याला नेऊन दे बाई. माझ्या घरी राहिलं तर त्यांच्या लेकरांच्या मागं लागंल काही. आन् रिकामं देऊ नये, म्हणून गूळ घातलाय." मंग सगळ्यात वरचा तुकडा तिनं आपल्या हातानं माझ्या ओटीत टाकला. त्यातला खडा सगळ्यात मोठा होता. "हा सख्याचा. पहिला हा घरी ने."

मी घेतलं. खरं सांगता आलं असतं, तिथं दुसरं कुणी नव्हतं.

घरी येऊन सगळे तुकडे नाकाला लावले. वास गेला होता. चुलीत घातले, टोचणाऱ्यानं सांगितलं होतं तसे. गूळ न्हाई घातला. सख्याला भूक लागल्ती, मलाबी लागल्ती. दोघांनी चुलीपाशी बसून सगळा खाल्ला. चांगला गूळ होता.