महालक्ष्म्या आणि माझं कडक सस्पेन्शन

आमची लाल गाडी भर रस्त्यात नऊ माणसांनी उचलली, तेव्हा तिच्यात माझी बायको बसलेली होती. उचलणाऱ्यांपैकी एकालाही मी ओळखत नव्हतो, आणि नीट आभार मानायच्या आत सगळे पांगले. आज त्यांचे पत्ते मिळाले, तर प्रत्येकाच्या घरी मी स्वतः पुरणपोळी पोचवून येईन!

पण गाडीचं आधी सांगतो. बावन्नाव्या वर्षी माणसानं गुडघ्यांची काळजी घ्यावी. मी सेकंडहँड स्पोर्टी गाडी घेतली. आत शिरताना वाकावं लागे, बाहेर येताना कुणाचा तरी हात लागे, पण मधल्या वेळात मी तरुण असे. पहिल्याच रविवारी जबलपूरबाहेर बरगीच्या रस्त्यावर एका डाव्या वळणाला गाडी अशी झुकली, की शेजारी बसलेली सुनंदा माझ्या खांद्यावर येऊन टेकली. (लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर हा योग दुर्मीळच.) दुसरा कोणी नवरा असता तर खुलला असता. मी म्हणालो, "बॉडी रोल फार आहे."

"काय आहे?"

"वळणावर गाडी झुकते. सस्पेन्शन बदलावं लागेल."

"काहून? हळू वळवा ना जी! त्याला काही बदलावं लागत नाही."

इतका नेमका तांत्रिक सल्ला पुढच्या दोन महिन्यांत मला कुणीही दिला नाही. मी तो अर्थातच ऐकला नाही. नाश्त्याला स्प्रिंग, जेवणाला शॉक अॅब्जॉर्बर, झोपेत अँटी-रोल बार, असं माझं इंटरनेटवर वाचन सुरू झालं. सुनंदा भाजीत मीठ विसरली तरी मला कळेना. शेवटी मी सदर बाजारात लखन भैयाच्या गॅरेजात गेलो. त्यानं माझ्यापुढे तीन पर्याय ठेवले.

"सर, पहला, नए शॉक, कंपनी जैसे ही नरम, और टायर बढ़िया. गाड़ी रोड पकड़ेगी, भाभीजी भी खुश. दूसरा, स्प्रिंग थोड़ी कड़क. और तीसरा ये."

तिसरा पर्याय खोक्यातून निघाला आणि मी पाघळलो. पिवळीधमक स्प्रिंग, आतच शॉक बसवलेला, खालची रिंग फिरवली की गाडी खाली बसणार, वरची खुंटी फिरवली की कडक होणार. खुंटीला बत्तीस घरं, प्रत्येक घराला 'टक्'!

"तीसरा!" मी ओरडलो.

"सर, जबलपुर में चलानी है कि हवाई पट्टी पे?"

"लखन भैया, मैं कॉलेज में फिजिक्स पढ़ाता हूँ. डॅम्पिंग मुझे मत सिखाओ."

"नहीं सिखाते सर. बस इतना बता दो, गाड़ी में बैठते कितने लोग हैं?"

साऱ्या प्रकरणातला हा एकमेव शास्त्रीय प्रश्न होता आणि तो मला पडला नव्हता. त्यानं खुंटी बाराव्या घरावर ठेवून गाडी दिली. मी घरी येऊन चारही चाकांची बत्तिसाव्या घरावर नेली आणि गाडी अजून थोडी खाली उतरवली. मग एकटाच (वजन अठ्ठावन्न किलो) बरगीच्या रस्त्यावर गेलो. काय सांगू! ताट फिरवावं आणि त्यातला लाडू हलूही नये, तशी गाडी वळली. आता गावातल्या रस्त्यांवर पडलेलं नाणं छापा आहे की काटा, ते बसल्या जागी पाठीला कळायचं, पण तेवढं चालायचंच.

त्याच सुमारास सिव्हिल लाइन्समधून वहिनींचा फोन आला. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या आजवर दादाकडेच बसत. मातीचे मुखवटे, पणजीच्या वेळचे, जपून जपून टिकवलेले. एकवीस वर्षं सुनंदा भाद्रपदात वहिनींच्या स्वयंपाकघरात जाऊन सोळा भाज्या चिरत आली, आणि मनातून तिला फार वाटे की एकदा तरी त्या आपल्या घरी याव्यात. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या म्हणाल्या, "सुनंदा, आता माझ्यानं उभं राहणं होत नाही. या वर्षीपासून महालक्ष्म्या तुझ्याकडे." सुनंदा फोन ठेवून ओट्याशी उभी राहून रडली. मीही जरा रडलो, आणि डोळे पुसता पुसता म्हणालो, "आपल्या गाडीतून आणू!"

"काहो, आटोनं आणल्या तर काय बिघडते?"

"अगं, आटो हेलकावे खातो. आपली गाडी तसूभर हलत नाही!"

आमच्याकडची रीत अशी, की मुखवटे एका घरून दुसऱ्या घरी जाताना ते हाती धरणारीनं वाटेत तोंड उघडायचं नाही आणि पायही खाली टेकवायचा नाही. थेट आपला उंबरठा. (ही रीत कुणी घातली ठाऊक नाही. बहुधा पणजीच्या सासूनं एकदा तिच्यासोबत प्रवास केला असावा.) वहिनींनी ओटी भरली, मुखवटे सुनंदाच्या हाती दिले आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, हळू न्या बरं. काही झालं तर ती बोलूनही राहणार नाही."

"वहिनी, निश्चिंत राहा. रुळावरून जाते गाडी!"

सुनंदा पुढे, मुलगी मुग्धा मागे दागिन्यांचा डबा आणि साड्या घेऊन. फाटकातून निघालो आणि पहिलाच उंचवटा आला. धाड!

"पापा," मुग्धा म्हणाली (तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र सोयीनुसार), "मम्मी ने आपको देखा."

"कसं?"

"जैसे आप कॉपी में ज़ीरो देते हो, वैसे."

"पण काही बोलली का? नाही ना? म्हणजे आरामात आहे."

इथं मी घसरलो. एरवी सुनंदाच्या एका 'अहो'वर माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये येते. त्या दिवशी 'अहो' बंद होतं, आणि ब्रेक मारायला आतून कुणी सांगेना! एका वळणावर तर मी मुद्दाम वेग ठेवला. "बघितलं, सुनंदा? बॉडी रोल शून्य!" सुनंदानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, कौतुकानं.

आधारताल मागे पडलं. आमच्या महाराजपूरच्या अलीकडे एका कॉलनीतल्या लोकांनी पावसाळ्याआधी स्वतःच एक स्पीडब्रेकर बांधला होता. त्याला स्पीडब्रेकर म्हणणं म्हणजे मदनमहालच्या टेकडीला उंचवटा म्हणणं! पुढची चाकं चढली, उतरली, आणि घर्रर्र करून गाडीचं पोट त्यावर बसलं. दोन चाकं अलीकडे, दोन पलीकडे, आणि चारही बिनकामाची.

"पापा, हम सी-सॉ पे हैं."

मी आणि मुग्धा उतरलो. गाडी हलेना. लगेच माणसं जमली. केळीवाला आला, एक आटोवाला आला, दोन जवान स्कूटर थांबवून आले.

"काय बड्डे, पहाड़ चढ़ रहे थे?" आटोवाला म्हणाला (जबलपुरात 'बड्डे' म्हणजे दादा). "भाभीजी को उतारो, वजन कम होगा."

"वो नहीं उतरेंगी."

"काहे?"

"अभी पैर नीचे नहीं रख सकतीं."

"तो उन्हीं से पूछ लो."

"वो बोल भी नहीं सकतीं."

सगळे वाकून आत बघू लागले. हिरवी नऊवारी, कपाळभर कुंकू, दोन हातांत दोन देवींचे मुखवटे, आणि डोळे लालभडक (ते माझ्यावरच्या रागानं, पण त्यांना काय ठाऊक!). गर्दीतली एक म्हातारी दोन पावलं मागे सरली आणि तिनं हात जोडले.

"अरे, मैया बैठी हैं!"

झालं! चपला निघाल्या. बॉनेटवर झेंडूची फुलं आली. एकजण नारळ घेऊन फोडायला जागा शोधू लागला आणि त्याची नजर माझ्या बंपरवर स्थिर झाली. म्हातारी काचेशी जाऊन विचारू लागली, "मैया, हमरी नातिन की नौकरी लगेगी?" सुनंदानं काकुळतीनं जोरजोरात मान हलवली. तिला म्हणायचं होतं, बाई, आधी गाडी काढा. म्हातारीनं होकार समजून पदरानं डोळे पुसले.

"पापा, कुछ बोलो ना!" मुग्धा कुजबुजली.

काय बोलणार? ही देवी नाही, ही माझी बायको आहे, आणि ती रागावली आहे? त्या गर्दीत मला हे सांगण्याची हिंमत झाली नाही.

"उठाओ रे!" एक जवान म्हणाला. नऊ जण वाकले. "जय मैया की!" असा गजर झाला, आणि माझी खाली उतरवलेली गाडी आयुष्यात प्रथमच योग्य उंचीवर गेली. आत सुनंदा आणि दोन महालक्ष्म्या, मागून मी झेंडूची फुलं वेचत. त्यांनी गाडी सपाट रस्त्यावर अलगद ठेवली. अलगद म्हणजे काय, ते त्या दिवशी त्या गाडीला प्रथम कळलं. मी चहाचं विचारलं तर केळीवाल्यानं हात जोडले. "अरे पुजारीजी, मैया का काम था! बस गाड़ी ऊँची करा लो."

उरलेला रस्ता मी पायी चालणाऱ्यांना पुढे जाऊ देत कापला. उंबरठ्यावर मुग्धानं सुनंदाच्या पायांवर पाणी घातलं, तिनं आत येऊन मुखवटे मांडून ठेवलेल्या जागी बसवले, आणि मी जीव मुठीत धरून बघायला गेलो. नाक शाबूत, कान शाबूत, काजळाची रेघसुद्धा शाबूत! एकही कपचा उडाला नव्हता. मला वाटलं, बत्तिसावं घर पावलं.

मग माझं लक्ष सुनंदाच्या हातांकडे गेलं. ते कोपरात वाकलेले तसेच होते, सरळच होईनात. गाडीत तिच्या मांडीवर शाल पसरलेली होती, पण मुखवटे तिनं मांडीवर टेकवलेच नव्हते. सिव्हिल लाइन्सपासून महाराजपूरपर्यंत तिनं ते अधांतरी धरले होते, आणि मी दिलेला प्रत्येक धक्का स्वतःच्या कोपरांत जिरवला होता. त्या गाडीत सस्पेन्शन म्हणून जे काही काम करत होतं, ते एवढंच. मला इतकी लाज वाटली, की मी देवीकडे बघू की बायकोकडे, हेच कळेना.

आता तिचं मौन सुटलं होतं. मी अपराध्यासारखा समोर उभा राहिलो. एकवीस वर्षांचा अनुभव गाठीशी होता, तेव्हा पहिलं वाक्य साधारण कसं असेल याचा अंदाज होता. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. मुग्धानं तो आईच्या कानाशी धरला. वहिनींचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"पोचल्या का गं महालक्ष्म्या? भाऊजींनी नीट आणल्या ना?"

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. एक घोट पाणी प्यायली.

"हो वहिनी," ती म्हणाली, "यांनी फार जपून आणलं."

मी देवघरात जाऊन उगाच समई पुसत बसलो. बाहेर यायला मला जरा वेळ लागला.

त्या वर्षी सोळाही भाज्या मी चिरल्या (वाकड्या, पण सोळा), कारण सुनंदाचे हात खांद्याच्या वर जाईनात. महालक्ष्म्या जेवल्या, आणि वहिनींनी खुर्चीत बसून सुनंदाच्या पुरणाचं तोंडभर कौतुक केलं. सण आटोपल्यावर मी लखन भैयाकडे जाऊन मुकाट्यानं पहिला पर्याय बसवून घेतला. पिवळ्या स्प्रिंगा खोक्यात भरताना त्यानं त्यांच्यावरून हळूच हात फिरवला.

पण त्याआधी, महालक्ष्म्या घरी आल्या त्याच संध्याकाळी, मी सुनंदाच्या हातांना कोमट तेल चोळायला बसलो होतो. मनगटापासून सुरुवात केली. पश्चात्तापाच्या भरात हात जरा वेगानंच चालला होता.

"अहो," सुनंदा म्हणाली, "पुढे कोपर आहे. हळू घ्या."

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर ब्रेक मारला.