दारात काढलेले बूट

आइसलँडची एक भुताची मालिका मी आणि आई दुपारी बघतो. फारच संथ, अर्धा भाग नुसतं धुकंच दिसतं. काल त्यात समुद्रात बुडालेला नवरा कित्येक वर्षांनी दारात उभा राहिला आणि आधी वाकून बूट काढू लागला. मी हसलो, "भूत कसलं बूट काढतंय!"

आई म्हणाली, "घरात यायचंय ना त्याला."

गेलेली माणसं परत येतात ती घाबरवायलाच, असं मी धरून चाललो होतो. त्यांना घरची रीत आठवत असेल, हे कधी सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी बाहेर निघालो. वर्षापूर्वी बाबा गेले, तेव्हाच त्यांच्या चपला मी देऊन टाकल्या होत्या. आमच्या दोघांच्या चपला जमिनीवर एकमेकींवर पडलेल्या होत्या, आणि रॅकवरचा बाबांचा खण आईने पुसून रिकामा ठेवला होता.