परिषदेचा फॉर्म मी भरला

राग आला की माझे पैसे खर्च होतात. काही लोक रागात भांडी आपटतात, काही जेवण सोडतात. मी पाकीट काढतो. हा दोष आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे, फक्त तो यावेळी पुण्यापर्यंत गेला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या कॉलेजात मी एकवीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात दोन मुली होत्या. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची पूजा राठोड बोलायला लागली की थांबत नसे, आणि झरी जामणीकडची मंदा टेकाम बोलायलाच लागत नसे. या दोघींनी दोन पावसाळे रानभाज्यांच्या मागे घालवले. मंदाच्या गावात तरोटा, म्हणजे टाकळा, कधी खुडतात, काटवल कुठे सापडतं, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब किती पाण्यातून काढतात, तांड्यावर यातलं काय खातात आणि काय खात नाहीत, हे सगळं त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून लिहून घेतलं. त्यावर पेपर लिहिला. पुण्यातल्या एका राष्ट्रीय परिषदेनं तो विद्यार्थी गटात स्वीकारला. मार्गदर्शक म्हणून माझं नाव तिसरं होतं.

मी पेढे घेऊन प्राचार्यांकडे गेलो.

"अभिनंदन," ते पेढा उचलत म्हणाले. "जाऊन या तुम्ही. तुमचा खर्च कॉलेज करीन."

"अन् पोरी?"

"पोरीयसाठी तरतूद नाही."

"सर, पेपर त्यायनं लिहिला."

"मंग त्यायले सांगा ना, बेस लिहिला म्हणून."

माझ्या कानशिलात काहीतरी तडतडलं. ज्यानं जन्मात तरोटा खुडला नाही त्यानं पुण्यात जाऊन तरोट्यावर बोलायचं, आणि जिच्या बोटांवर त्याचे डाग आहेत तिनं वसतिगृहात बसून त्याच्या फोटोला लाइक द्यायचा! मी उभा राहिलो. "तुमची तरतूद ठेवा तुमच्यापाशी," मी म्हणालो. "दोघीयचा सगळा खर्च मी करतो."

प्राचार्यांनी दुसरा पेढा घेतला आणि म्हणाले, "तेवढं लेखी द्या."

स्टाफरूममध्ये माझा जयजयकार झाला. "मास्तर असावा तर असा," असं तिघांनी म्हटलं. कोणी थोडाफार वाटा उचलतो का म्हणून मी आशेनं इकडेतिकडे पाहिलं, तर सगळे एकदम तासाला निघून गेले. (ज्यांना तास नव्हता तेही.)

घरी सुनंदा, म्हणजे माझी बायको, ब्लाउज शिवत होती. ती गल्लीतल्या बायकांचं शिवणकाम करते आणि साड्यांना पिको करायची मशीन घेण्यासाठी दीड वर्ष पैसे बाजूला टाकत होती. ते पैसे कुठे जाणार हे सांगायला मी बरीच प्रस्तावना केली. गुरुशिष्य परंपरा, स्त्रीशिक्षण, झालंच तर जैवविविधता. ती मशीन न थांबवता ऐकत होती.

"पिकोचे पैसे पाह्यजे, असंच ना?" ती म्हणाली.

"हाव."

"द्या मंग. पोरीयचं काम चांगलं हाय. पण मी बी येते."

"तू कायले?"

"तुमच्या भरोशावर त्यायचे मायबाप पोरी पाठवतीन का?"

मी रागावलो. पण दुसऱ्याच दिवशी पूजाचे वडील तांड्यावरून आले, चहा प्याले आणि माझ्याकडे न बघता सुनंदाला म्हणाले, "बाई, तुमी असान त पाठवतो." म्हणजे चौघं झालो.

आता नावनोंदणीचा फॉर्म भरायचा होता. पूजा म्हणाली, "सर, मी भरू का? मोबाईलवर दोन मिनिटांत होते."

"काही गरज नाही," मी म्हणालो. "एकवीस वर्षं झाली, विद्यापीठाचे फॉर्म भरून राह्यलो मी."

फॉर्म इंग्रजीत होता आणि त्याला माझा राग होता. अर्धा भरला की वीज जायची आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. तिसऱ्या वेळी मी घाई केली. पहिल्या रकान्यात माझं नाव आपोआप आलेलं होतं. पेपर सादर करणारा विद्यार्थी निवडल्याशिवाय पान पुढे सरकेना, तेव्हा मी पहिल्या नावापुढे ती खूण केली. प्रत्येक पेपरमागे एक प्रतिनिधी हवाच होता. सुनंदाचं नाव मोकळं दिसलं, तिथे प्रतिनिधीची खूण केली. उरल्या दोघी. त्यांच्यासाठी 'सोबतची व्यक्ती' असा एक स्वस्त प्रकार होता, दोन वेळचं जेवण धरून. पोरी माझ्या सोबतच येणार होत्या! इतकी सरळ गोष्ट कधी नव्हे ती फॉर्मवाल्यांना सुचली म्हणून मला बरं वाटलं. पैसे भरले आणि पूजाला म्हणालो, "पाहा, वाचवले बी."

पुण्यात सकाळी आम्ही परिषदेच्या दारात पोचलो. टेबलामागच्या मुलीनं गळ्यात घालायची चार ओळखपत्रं काढली. सुनंदाला तिनं उभं राहून नमस्कार केला आणि एक चांगली कापडी पिशवी दिली. ओळखपत्रावर छापलं होतं, 'डॉ. सुनंदा, प्रतिनिधी'. (प्रतिनिधीच्या नावाआधीचा रकाना मी बघितलाच नव्हता. तिथे आधीपासून डॉक्टर लिहिलेलं होतं म्हणे.) मग तिनं मला ओळखपत्र दिलं. त्यावर माझं नाव आणि खाली ठळक अक्षरात 'विद्यार्थी'.

मुलींना ती म्हणाली, "तुमची बस साडेदहाला आहे. शहरदर्शन. पाण्याची बाटली बरोबर ठेवा."

"आमचा पेपर हाय अडीचले," पूजा म्हणाली.

"पेपर या विद्यार्थ्यांच्या नावावर आहे," टेबलामागच्या मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "सोबतच्या व्यक्तींना सादरीकरण करता येत नाही."

मंदानं खाली पाहिलं. पूजा पहिल्यांदाच गप्प झाली, आणि ते मला जास्त लागलं. झालं, मी सुटलो. खेड्यातल्या पोरी म्हणून ही वागणूक का, आमच्या भागातून कोणी आलं की त्याला बसमध्ये घालून गाव दाखवायचं का, यवतमाळ काय नकाशावर नाही का, असं सगळं मी एका दमात बोललो. मागे रांग लागली. दोघातिघांनी मोबाईल काढले. त्या मुलीनं शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"सर, फॉर्म आपणच भरलाय. खाली आपलं नावही आहे."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव माझंच होतं.

अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो. मी थेट सभागृहात गेलो, कारण माझा राग अजून शिल्लक होता. उद्घाटनाचं भाषण संपताच मी उभा राहून ग्रामीण विद्यार्थ्यांवरच्या अन्यायाविषयी बोलायला लागलो. व्यासपीठावरचे संयोजक थोडं पुढे वाकले, माझं ओळखपत्र वाचलं आणि म्हणाले, "विद्यार्थ्यांनी प्रश्न शेवटी विचारावेत. खाली बसा."

मी खाली बसलो. बस सोडून शेजारी येऊन बसलेल्या पूजाची मान खाली होती आणि खांदे हलत होते. आधी वाटलं रडते आहे, पण तसं नव्हतं.

सुनंदा कुठे दिसेना. ती प्रतिनिधींच्या चहाला गेली होती. तिथे दुपारच्या सत्राच्या अध्यक्ष बाई तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी विचारलं, "आपला विषय कोणता, डॉक्टर?"

"मी कायची डॉक्टर?" सुनंदा म्हणाली. "ब्लाउज शिवते जी मी. आमच्या यायनं फॉर्म चुकवला. पोरीयचा काही दोष नाही त्यात." आणि तिनं चहा निवेपर्यंत पिकोच्या मशीनपासून लॅपटॉपपर्यंत सगळं सांगून टाकलं. बाई इतक्या हसल्या की त्यांनी बिस्किट खाली ठेवलं.

अडीच वाजता त्यांनी माझं नाव पुकारलं. "विद्यार्थी सादरकर्ते मंचावर आले आहेत," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "ते स्लाइड बदलतील. बोलण्याचं काम त्यांच्या सोबतच्या व्यक्ती करतील. याला नियमात मनाई दिसत नाही."

मी स्लाइड बदलल्या. दोनदा पुढच्या आधी दाखवल्या, एकदा काटवलाऐवजी आमच्या घराचं वीजबिल पडद्यावर आलं. पूजा न अडखळता बोलत होती. "ही भाजी माह्या याडीनं, म्हणजे आईनं, मले दाखवली," ती म्हणाली, आणि मग ते नीट पुस्तकी भाषेत सांगितलं. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "तरोटा तर सगळीकडे उगवतो. त्यात विशेष काय?"

उत्तर द्यायला मी घसा साफ केला. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "विद्यार्थ्यानं थांबावं."

आणि मंदा बोलली. दोन वर्षांत मी तिच्या तोंडून एवढी वाक्यं ऐकली नव्हती. "सर, उगवते सगळीकडं. पण फूल यायच्या आंधी, कवळा पालाच खातात. मंग तो कडू होते. आमच्या आजीले बोट लावलं की समजते. पुस्तकात तो दिवस लिहून नाही. आमी तो लिहिला." एवढं बोलून ती पूजाच्या मागे सरकली. टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या नादात मी आणखी एक चुकीची स्लाइड लावली.

संध्याकाळी निकाल लागला. विद्यार्थी गटात दुसरा क्रमांक, आणि यादीप्रमाणे नाव पुकारलं गेलं ते माझं. मी पूजा आणि मंदाला पुढे केलं. बक्षीस त्यांच्या हातात गेलं, फोटोत त्या मध्ये उभ्या राहिल्या, आणि मी कडेला सरकलो. पण सकाळचे संयोजक माझ्यापाशी आले. पांढरे केस बघितले, ओळखपत्र बघितलं आणि माइक हातात असतानाच आपुलकीनं विचारलं, "आपण कितव्या वर्षाला आहात?"

"शेवटच्या," मी म्हणालो.

पहिल्या रांगेतून डॉ. सुनंदा म्हणाली, "दरसाल नापास होऊन राह्यले जी."