घरमालकांच्या थुंकीच्या नळ्या

आमच्या घरमालकांइतक्या लोकांना थुंकायला लावणारा दुसरा माणूस साऱ्या बेंगळुरात सापडायचा नाही. पुण्याहून येऊन एचएसआर लेआउटमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर मी राहायला लागलो, त्याला आता पाच वर्षं झाली. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी लेथपाशी उभं राहून काढली आणि निवृत्तीनंतरही त्यांना बसणं काही जमेना. चहासुद्धा ते जिना चढता-उतरता पीत. अशा माणसाच्या हाती एका प्रयोगशाळेचं काम लागलं. या देशातली माणसं मुळात कुठून कुठून आली, हे थुंकीतल्या जनुकांवरून शोधायचं चाललं होतं आणि नमुने गोळा करायला स्वयंसेवक हवे होते.

मग काय, नळ्यांची पेटी खांद्याला अडकवून सकाळी सातला स्वारी बाहेर. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही असा नियम असल्यामुळे कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याची गिऱ्हाइकं ते रांगेतच अडवत. शेवटी त्याने हात जोडून त्यांना पलीकडच्या फुटपाथवर पोचवलं. इंदिरानगरच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याला त्यांनी "स्वल्प थुंका की अण्णा" म्हणून गळ घातली. दिवा हिरवा झाला, मागे हॉर्नचा गदारोळ उठला, आणि तो भला माणूस शांतपणे नळी भरत होता. माझी नळी त्यांनी ऑफिसची मीटिंग चालू असताना भरून घेतली. कॅमेराही चालू होता.

स्वतःच्या मुळाबद्दल मात्र त्यांना तिळमात्र शंका नव्हती. घराणं चारशे वर्षांपूर्वी साताऱ्याकडून फौजेबरोबर आलेलं. "आम्ही इथं राहतो, पण इथले नव्हे," असं ते भाजीवालीलाही ऐकवत. या एका वाक्यापायी त्यांनी सख्ख्या थोरल्या बहिणीला तोडलं होतं. अक्काने कन्नड माणसाशी लग्न केलं आणि ती याच शहरात, मल्लेश्वरमला राहायला गेली. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान वारले, तेव्हाही हे गेले नाहीत.

त्यांचा स्वतःचा अहवाल आला तेव्हा मी सोबत होतो. प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावून सांगितलं की वडिलांकडची साखळी महाराष्ट्राकडे जाते. पण आई, आईची आई, तिची आई असं मागे जात राहिलं, तर ती साखळी इथल्याच जुन्या माणसांशी जुळते. फौजेबरोबर बायका फारशा आल्या नसणार.

"ही आईकडची साखळी तुमच्यापाशी थांबते," बाई म्हणाल्या. "बहीण असेल तर तिच्या मुलींमधून पुढे जाईल."

चार दिवस ते गच्चीवर येरझाऱ्या घालत होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. अक्काच्या फाटकाशी पोचल्यावर ते तीनदा उतरले आणि तीनदा परत येऊन बसले. चौथ्या वेळी अक्कानेच दार उघडलं. त्यांनी कागद पुढे धरला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. अक्काने कागद न वाचताच त्याची घडी केली.

"हे कळायला थुंकावं लागलं होय रे तुला?" म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली.

घरमालक भिंतीवरच्या अक्काच्या यजमानांच्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले. कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. माझं कन्नड बेताचंच, पण चूक कबूल करताना 'तप्पायितु' म्हणतात, एवढं मला ठाऊक आहे.

आता ते दर शनिवारी मल्लेश्वरमला जातात. अक्का अलीकडे थोडं विसरू लागली आहे. परवा मी त्यांना सोडायला गेलो होतो, तेव्हा तिने आतून "री" अशी हाक मारली. इथे बायका नवऱ्याला तशी हाक मारतात. घरमालक "ओ" म्हणाले आणि आत गेले.