हिचं जाळं भरू दे

मे महिन्यातला शेवटचा रविवार. स्थळ रत्नागिरी, आमच्या घरचा हॉल. हजर: माझे वडील, म्हणजे आबा, माझी वहिनी, माझा नवरा, शेजारच्या काकू आणि मी. गैरहजर: माझा भाऊ. तो मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये असतो, आणि त्या आठवड्यात जहाज अशा पाण्यात होतं की फोन लागत नव्हता.

जिच्यासाठी जमलो होतो ती भावाची मुलगी, माझी भाची. ती दोन राज्यं ओलांडून तिकडे मैदानावर होती. महिला फुटबॉलच्या राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना होता आणि ती गोलकीपर होती. एरवी अख्खा हंगाम तिने जॅकेट घालून बाकावर काढला होता. उपांत्य सामन्यात पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं, म्हणून ही उभी राहणार होती. त्यांच्या कोच मॅडम कमी बोलतात. त्यांनी हिला एवढंच सांगितलं होतं, "उद्या नीट उभी राहिलीस तर पुढच्या हंगामात ठेवते. नाहीतर घरी जा." वहिनीने हे मला फोनवर दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा शेवटचं वाक्य खालच्या आवाजात.

आबा आणि वहिनी पूर्णगडला राहतात. तिथे संध्याकाळी नेटचा भरवसा नाही, म्हणून सामना आमच्याकडे बघायचं ठरलं. मी कामं वाटून दिली. मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर आणणं नवऱ्याकडे, चहा वहिनीकडे, खुर्च्या काकूंकडून, नारळ माझ्याकडे. आबांकडे गाऱ्हाणं.

गाऱ्हाण्याचं सांगायला हवं. आबा उभा जन्म तांडेल होते. होडीवरच्या माणसांत शेवटचा शब्द त्यांचा, आणि देवापुढचाही त्यांचाच. हंगाम सुरू होताना, नारळी पौर्णिमेला, नवी होडी पाण्यात लोटताना गाऱ्हाणं तेच घालतात. ते एकेक मागणं मोठ्याने मागतात आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. भाची शाळेच्या संघात होती तेव्हापासून तिच्या प्रत्येक सामन्याआधी आबा फोनवरून तिच्यासाठी दोन ओळी म्हणायचे. त्या ऐकल्याशिवाय ती ग्लोव्ह्ज चढवत नाही. तिच्या खोलीतल्या मुलींनाही आता "व्हय म्हाराजा" पाठ आहे.

अंतिम सामना, म्हणून आबांनी त्या दिवशी पूर्ण गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. धुतलेलं धोतर, पुढ्यात नारळ, तोंड गावाच्या दिशेला. फोन मी स्पीकरवर ठेवला. तिकडून भाची म्हणाली, "आबा, लवकर हां. बस खाली उभी आहे."

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझं लेकरू परक्या मुलखात उभं ऱ्हाणार हाय, त्याची पाठराखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण आडवा येत असंल, त्याला बाजूला कर. हातापायाला इजा नको. संगतीच्या पोरींनाही सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबांना लय सापडली होती. डोळे मिटलेले, आवाज चढलेला. "आणि हिचं जाळं भरू दे म्हाराजा! काठोकाठ भरू दे!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. काकू सगळ्यात जोरात. आबांनी नारळ फोडला. एका फटक्यात सरळ दोन भकलं.

मग फोनमधून आवाज आला, "आत्या, मी गोलकीपर आहे ना?"

"हो."

"मग माझं जाळं भरलं तर..."

मागून कुणीतरी फोन जमा करायला सांगितलं आणि ती गेली. सामना संपेपर्यंत त्यांना फोन मिळत नाहीत.

आबा दोन्ही हातांत एकेक भकल घेऊन उभे. आयुष्यभर प्रत्येक गाऱ्हाण्याचा शेवट त्यांनी याच वाक्याने केला होता. जीभ तिच्या वाटेने गेली.

"असू दे हो," काकू म्हणाल्या. "देवाला भाव कळतो."

"भाव कळला आसता तर तोंडानं मागायला कशाला लावलंन आसतंन?" आबा म्हणाले. "शब्दालाच किंमत. आणि शब्दावर तुम्ही सगळे व्हय म्हणालात."

माझ्या नवऱ्याने सुचवलं, की शेवटी "चुकलंमाकलं पदरात घे" असं म्हणतातच, त्यात हे बसेल. आबांनी त्याच्याकडे, जावयाकडे बघावं तेवढ्या मानाने बघितलं. "ते इसरलेल्याचं. मागितलेल्याचं नाय."

मी घड्याळ बघितलं. वेळ होता. म्हटलं, "खालच्या दुकानातून दुसरा नारळ आणते. दुसरं गाऱ्हाणं घाला. पहिलं रद्द."

"रद्द? तो काय तुझ्या हापिसातला साहेब हाय, एक अर्ज मागं घेतला नि दुसरा दिला? एका दिवसात उलटसुलट दोन मागणी केली तर देव काय करंल सांग. दोनी ऐकंल."

वहिनीने नारळाची दोन्ही भकलं आबांच्या हातातून घेतली, आत नेली आणि खोवायला बसली. खोवणीचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता.

सामना सुरू झाला. पडद्यावर भाची फार लहान दिसत होती. मोठा हिरवा शर्ट, मागे पांढरं जाळं. कॅमेरा लांबून होता, पण प्रत्येक वेळी चेंडू त्या बाजूला गेला की वहिनी दारात येऊन उभी राहायची आणि चेंडू परतला की आत जायची. पहिला गोल कॉर्नरवरून झाला. भाचीने उडी बरोबर घेतली, चेंडू हातात आलाही, आणि निसटला. पुन्हा पुन्हा दाखवत होते. काकू म्हणाल्या, "एकदा दाखवलं, कळलं की!"

दुसरा लांबून आला. त्यात तिची फारशी चूक नव्हती, असं नवरा म्हणाला. आबांनी ते ऐकलं नाही. "भरतंय," एवढंच म्हणाले, उठले आणि मागच्या दारी जाऊन बसले.

मध्यंतरात कॅमेरा थोडा वेळ आमच्या संघावर होता. मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. गोलकीपरांचे सर गोव्याचे आहेत, वयस्कर, पोट सुटलेलं. ते भाचीच्या शेजारी बसले होते. त्यांनी मैदानाच्या या टोकाकडे बोट दाखवलं, मग त्या टोकाकडे, आणि भाची हसली. दोन गोल खाऊन ती का हसते हे आम्हाला कळेना. वहिनी म्हणाली, "हसतेय ना? मग जेवली असेल नीट." आणि पहिल्यांदा खाली बसली.

दुसरा भाग सुरू झाल्यावर आमच्या मुलींनी गोल केला. उजव्या कडेने एक ठेंगणी मुलगी पळाली, तिने चेंडू आत टाकला आणि कप्तानाने डोक्याने ढकलला. आम्ही ओरडलो. आबा आत आले नाहीत. थोड्या वेळाने दुसरा झाला, तसाच, त्याच बाजूने. दोन-दोन.

काकू टीव्हीकडे बोट दाखवून उभ्या राहिल्या. "अहो, हे तेच जाळं! मागे तो निळा फलक बघा. पहिल्या भागात आपली इथेच उभी होती. मध्यंतरानंतर बाजू बदलतात ना!"

मी मागच्या दारी गेले. "आबा, चार गोल झाले. चारही एकाच जाळ्यात."

"कुणाच्या?"

"आधी तिच्या. आता त्यांच्या."

आबांनी ते नीट समजून घेतलं. बाजू बदलतात हे त्यांना इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. ते सामने बघत नसत, फक्त निकाल विचारत. "म्हणजे काठोकाठ भरतंय," ते म्हणाले. आत आले आणि टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीत बसले.

जादा वेळेत कुणाचाच गोल झाला नाही. भाचीने एक जवळचा फटका पायाने अडवला. आता मॅडमची घडी सुटली होती, त्या रेषेजवळ येऊन ओरडत होत्या. मग पेनल्टी. रेफ्रीने नाणं उडवलं आणि सगळ्या पलीकडच्या टोकाला गेल्या.

"कुठलं जाळं हे?" आबांनी विचारलं.

"दुसरं," नवरा म्हणाला. "इथे अजून एकही गोल झालेला नाही."

आबा पुढे सरकून बसले. "ह्या जाळ्याचं मी काय बोललोच नाय. आता हिचं हिलाच बघायला हवं."

त्यानंतर कुणी देवाचं नाव काढलं नाही. पहिला फटका तिच्या डावीकडून गेला. दुसऱ्याला ती उजवीकडे झेपावली आणि अडवला. वहिनीने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. पण समोरच्या मुली हुशार होत्या. त्यानंतरचे तिन्ही फटके तिच्या डाव्या हाताला, खाली, खांबालगत. आमची एक मुलगी चेंडू आडव्या खांबावर मारून बसली. शेवटचा फटका कप्तानाचा. तो त्यांच्या गोलकीपरने धरला. चार-तीन. हरलो.

वहिनीने न विचारता चहा टाकला. काकू म्हणाल्या, "देशात दुसरी आली हो पोर," आणि आपल्या खुर्च्या घेऊन गेल्या.

फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. भाचीचा आवाज बसला होता. आधी ती आईशी बोलली, मग मी स्पीकर लावला. गोव्याच्या सरांना तिने मध्यंतरात गाऱ्हाण्याचं सांगितलं होतं. त्यांच्या गावातही गाऱ्हाणं घालतात, त्यामुळे समजावावं लागलं नाही. ते म्हणाले होते, "जाळं आता त्यांचं झालं. मागितलं ते मिळू दे. तू बॉल बघ."

"शाणा माणूस," आबा म्हणाले. मग भाचीला, "ही लोकं मधीच बाजू बदलतात, ते तू मला सांगायला नको होतं?"

"आबा, तुम्ही कधी विचारलंत?"

"मी मासा विचारतो किती मिळाला, जाळं कुठल्या बाजूला टाकलंन ते नाय विचारत."

"आणि मॅडम?" वहिनी मध्येच म्हणाली. ताटातला भात तिने अजून कालवला नव्हता.

"ठेवतायत."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच भात कालवला.

"पण म्हणाल्या, तुझी डावी बाजू आहे की उघडं दार? सुट्टीत घरी बसून येऊ नकोस, रोज डावीकडचे शंभर घे. नाहीतर दुसरी बघते. आत्या, मला घराजवळ गोलपोस्ट लागेल. खरं, पूर्ण मापाचं. तू करशील ना?"

मी हो म्हटलं. मापं तिने रात्रीच पाठवली. जागा ठरली आहे: पूर्णगडच्या घराच्या वरच्या अंगाचा कातळाचा सपाट तुकडा, शेजाऱ्यांना विचारून झालं. आडव्या-उभ्या खांबांसाठी सुरूचे वासे मिळाले, तासूनही आणले. पडायला खाली पेंढा आणि वर जुनं शीड घालायचं, ते आबांनी काढून ठेवलं. चेंडू मारायला शाळेतले क्रीडाशिक्षक येणार आहेत, त्यांनी फक्त सकाळ मागितली आहे.

राहिले खांब रोवायचे खड्डे. कातळात पहार चालत नाही, चिरेखाणीवरचं मशीनच लागतं. खाणवाला मशीन घेऊन "येतो, ताई" म्हणाला होता. परवा पुन्हा फोन केला, तर पुन्हा "येतो, ताई". भाची शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतेय. उद्या ऑफिसला जायच्या आधी मला स्वतःच खाणीवर जायला हवं.