काडतुसाची खाच

चिंचेने पितळ घासताना हातांना येणारा आंबूस वास मला अजून सोसत नाही. धसईकडच्या रानात साहेब लोक शिकारीला येत, तेव्हा वडील हाकाऱ्यांबरोबर रान उठवायला जात आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून आणत. मी त्या चिंचेने घासायची. चौथीत असले तरी बुडावरची विलायती अक्षरं मला वाचता येत नसत, म्हणून वडिलांनी बोटाने ओळखायला शिकवलं होतं. बुडाला बाहेर काठ असेल तर दुनळी बंदुकीची, आत खाच असेल तर एकनळीची. त्या वर्षी शेजारचे काका हाक्यात गोळी लागून गेले. मचाणावर दोन साहेब होते, एकाकडे दुनळी, दुसऱ्याकडे एकनळी; बार एकच झाला होता, आणि दोघेही म्हणाले, बार माझा नव्हे. एकनळीवाल्याच्या जमिनीवर आमचं घर होतं. तिसऱ्या दिवशी काकी मचाणाखाली सापडलेली पुंगळी घेऊन आली. "भावोजी, तुमी डोलं मिटून वळखता. सांगा, कुनाची हाय?" वडिलांनी ती बराच वेळ फिरवली. "ही नवीच तऱ्हा दिसते, वयनी. मला नाय वळखू येत." मग काकीने ती माझ्या हातात दिली. "तू तरी सांग गो बाय." माझं बोट खाचेत बसलं. मी मान खाली घातली. "लय लाजरी हाय ती," आई घाईने म्हणाली. काकी पुंगळी पदरात बांधून निघून गेली. घरात आजही मला सगळे लाजरीच म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण त्या दिवशी मी लाजले नव्हते.