विसळलेली बाटली

पाण्यातले जंतू मोजण्यात माझं आयुष्य गेलं. चाकणच्या कंपन्यांच्या कॅन्टीनपासून देहूच्या नदीपर्यंत सगळीकडचं पाणी आमच्या चिंचवडच्या प्रयोगशाळेत येतं. नमुन्यासाठी बाटली आम्हीच निर्जंतुक करून देतो. तिच्या तळाला चिमूटभर पांढरं औषध असतं. पाण्यात क्लोरीन असलं, तर हे औषध त्याला तिथल्या तिथे थोपवतं. नाहीतर लॅबला पोहोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतच जंतू मारत बसतं, आणि घाण पाणी कागदावर स्वच्छ ठरतं. म्हणून बाटली विसळायची नाही. तशी चिठ्ठी आम्ही प्रत्येक बाटलीवर डकवतो.

पण आपली माणसं! भांडं न विसळता त्यात पाणी भरायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा येतो. एका कंपनीचा सुपरवायझर मलाच ऐकवायला लागला, "मॅडम, तळाला पावडर होती. तुमच्या लोकांनी नीट धुतलीच नव्हती. मी चकाचक करून भरली." त्याला मी असा झापला, की पुढच्या वेळेपासून तो दुसऱ्यालाच पाठवू लागला.

मग बाबांची किडनी बदलली. पाण्यातून साधी लागण झाली तरी ह्यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून थेरगावच्या घरी आई रोज दोन मोठी पातेली पाणी उकळायची. तिचे गुडघे गेलेले, मनगटात जोर नाही. एकदा वैतागून म्हणाली, "अगं, साऱ्या गावाचं पाणी तपासतेस, आपलं तपास की एकदा. चांगलं असलं तर हा जाच तरी सुटेल माझा."

मी घाईत होते. पिशवीतून एक बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, उद्या सकाळी नळाचं भरून ठेव, दुपारी नेते. चिठ्ठी काही डकवली नाही. घरच्या बाटलीला कसली चिठ्ठी! दुसऱ्या दिवशी आईने बाटली धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, सोबत थालीपिठांचा डबा.

लॅबमध्ये त्या पाण्यातून काचेच्या ताटलीत एकही जंतू उगवला नाही. क्लोरीन तपासायला हवं होतं, तपासलं नाही. एका नमुन्यावरून पाणी चांगलं म्हणू नये, हे मी नव्या लोकांना घसा फोडून सांगते, आणि मीच आईला फोन केला, "बंद कर ते उकळणं." तिने त्या दिवशी शिरा केला.

महिन्याच्या आत बाबांना जुलाब लागले. मग ताप चढला, लागण रक्तात गेली आणि आठवड्याभरात बाबा गेले.

सोसायटीच्या टाकीत ड्रेनेज झिरपत होतं, हे मी नंतर शोधून काढलं. वॉचमन हात जोडून म्हणाला, "ताई, वास यायचा म्हणून मी मधूनमधून ब्लीचिंग पावडर टाकायचो. आईंनी आदल्या दिवशी सांगितलं, उद्या माझी मुलगी पाणी तपासणार हाय. म्हणून त्या सकाळी जरा जास्तच टाकली." तरी मला कळेना. पावडर नुकतीच पडलेली, इतक्यात टाकीतले सगळे जंतू मरत नाहीत. बाटलीत औषध असताना नमुना इतका कोरा आला कसा?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आई भांडी फळीवर लावत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कुठून मेलं लागलं गं ह्यांना? पाणी तर तू तपासलेलं. आणि बाटलीसुद्धा मी तीनतीनदा विसळून घेतली होती. तळाला काहीतरी पांढरं होतं बाई."

 त्या परक्या सुपरवायझरला मी फाडफाड बोलले होते. आईच्या हातातलं पातेलं घेऊन मी फळीवर ठेवलं. चूक तिची नव्हतीच. पण खरं सांगितलं, तर मरेपर्यंत ती स्वतःच्याच हातांकडे बघत बसेल. आणि नाही सांगितलं, तर हे मी एकटीने कुठवर गिळू? लोकांना मी अजूनही रिपोर्ट देते, "पिण्यास योग्य" असं लिहून खाली सही करते. 

टाकी दुरुस्त झाली, तरी मी तिला पाणी उकळून पी म्हणून सांगत राहते. ती ऐकत नाही. परवा माझ्यासाठी तांब्या विसळून भरला, पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "आता कोणासाठी उकळू? आणि पाणी चांगलं आहे, असं तूच तर म्हणाली होतीस."

मी हो म्हटलं आणि पाणी प्यायले.